अक्काचे उपवास

अक्काच्या पंगतीत माणसं ताटावर आडवे हात धरत आणि अक्का त्या हातांवर वाढायची. हे मी अलंकारिक लिहीत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला तिनं माझ्या मनगटावर तुपानं निथळणारी पुरणपोळी ठेवली. मी दचकून हात काढला, पोळी ताटात पडली आणि ती म्हणाली, "बघ, जागा होती की." आमच्याकडे जेवून उठलेला पाहुणा चपला घालण्याआधी व्हरांड्यातल्या बाकावर थोडा वेळ गप्प बसायचा. त्याला घराची वाट आठवायला तेवढा वेळ लागायचा.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर मनमाडचं, वडील रेल्वेत, घरात भावंडं पुष्कळ. त्यामुळे तिचा आवाज मोठा आणि तिची भांडीही मोठी. गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं दोन मजली घर आहे. खाली अक्का आणि दादा, म्हणजे माझे थोरले दीर, वर आम्ही. दादा ओझरच्या कारखान्यात नोकरीला होते. त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल अक्का कधी बोलली नाही, पण गल्लीतली पोरं दिवसभर तिच्या स्वयंपाकघरातून ये-जा करत असत. तोंडावर मी तिला अहोजाहो करायची, मनात ती अगं-तुगंच होती. आता ती नाही, तरी लिहिताना मला तिला 'त्या' म्हणवत नाही.

अंगानं ती चांगलीच जाड होती आणि त्यावर पहिला विनोद तीच करायची, म्हणजे दुसऱ्याला करायला जागा उरू नये. शेअर रिक्षात तिच्या शेजारी कुणी बसेना तर म्हणायची, "मला ऐसपैस, त्यांना पुढची रिक्षा. कुणाचं वाईट झालं का?" एका लग्नात नवऱ्यामुलाच्या मामीनं सगळ्यांसमोर विचारलं, अक्का, तुम्हाला एक खुर्ची पुरेल की दोन लावू? सगळ्यांत मोठ्यांदा अक्काच हसली. घरी आल्यावर मात्र ती डोकं दुखतंय म्हणून दिवा न लावता पडून राहिली.

लोकांना वाटायचं, हिचं तोंड सारखं चालूच असणार. खरं म्हणजे ती सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभी राहून जेवायची, आणि जेवायची म्हणजे उरलेलं संपवायची. अन्न टाकायचं तिच्या जिवावर यायचं. पुढे गुडघे गेले. साखर वाढली. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी वजन उतरवा, मग गुडघ्यांचं बघू. मग चालणं झालं, कारल्याचा रस झाला, लिंबू-मध झालं, कुणा वैद्यांच्या पुड्या झाल्या. काटा थोडा खाली जायचा आणि कंटाळून परत वर यायचा. शेवटी वजनाच्या ऑपरेशनचं ठरलं. जठराची लहानशी पिशवी ठेवायची आणि आतडं वळवून तिला जोडायचं, की माणसाला फार खाताच येत नाही. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते. जन्मभर गोळ्या घ्यायच्या, तपासणी चुकवायची नाही, उलट्या लागल्या तर त्याच दिवशी यायचं. अक्कानं सगळ्याला मान हलवली.

अट तिनं एकच घातली. हे कुणाला कळता कामा नये. गल्लीत, नात्यात, मनमाडला, सगळीकडे पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन म्हणून सांगायचं. दुर्बिणीनं केलेल्या दोन्ही ऑपरेशनांचे व्रण जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे थाप बेमालूम बसली. खरं ठाऊक होतं ते दादांना, आमच्या ह्यांना आणि मला. मी तिला म्हटलं, अहो, यात लाजण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "लोक म्हणतील, हिला तोंड आवरंना म्हणून पोट कापून घेतलं. मरण आलं तरी चालंल सुनी, पण हे गल्लीत जायला नको." बोलण्याच्या ओघात माणूस काहीही बोलतो, असं मला तेव्हा वाटलं. अक्का ओघात बोलत नव्हती.

सुरुवातीचे महिने छान गेले. ब्लाउज आत घेऊन घेऊन शिवणवाली कंटाळली. कित्येक वर्षांनी अक्का जिना चढून वर आली, दम न लागता खुर्चीवर बसली, आणि माझ्या स्वयंपाकघरावर नजर फिरवून म्हणाली की मी निदान डबे तरी नीट लावत असेन असं तिला इतकी वर्षं खाली बसून वाटत होतं. मला राग आला नाही. ती वर आली याचंच मला इतकं बरं वाटत होतं.

पण बाकीच्यांना यातलं काय माहीत? ज्यांच्या हातांवर तिनं आयुष्यभर वाढलं होतं, त्यांची आता पाळी आली. सिन्नरला एका साखरपुड्यात दोघी-तिघींनी तिला घेरलं. पित्ताचं ऑपरेशन होऊन इतके दिवस झाले, आता काय धाड भरलीय, असं म्हणत तिच्या तोंडात जिलबी घातली, वर आणखी एक घातली. नाही म्हणायची तिला सवय नव्हती. दुसऱ्याचं नाही ऐकायचीही नव्हती म्हणा. थोड्याच वेळात तिला दरदरून घाम सुटला, छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले. जठर लहान केलेल्या माणसाच्या पोटात गोड एकदम गेलं की असं होतं, हे आम्हाला सांगितलेलं होतं. आतल्या खोलीत ती डोळे मिटून पडून राहिली आणि बाहेर मी सगळ्यांना उन्हाचं निमित्त सांगत बसले.

त्यानंतर तिला उपाय सापडला, आणि तो आपल्याकडेच सापडू शकतो. आपल्या लोकांपुढे मधुमेहाचं कारण चालत नाही. एका लाडवानं काय होतंय, म्हणतात. डॉक्टरांनी नको सांगितलंय म्हटलं, तर डॉक्टरांना काय कळतंय, म्हणतात. पण मला उपवास आहे म्हटलं, की वाढणारा हात जागच्या जागी थांबतो. अक्कानं आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू पुढे यायला लागले, तेव्हा तिनं निरंकार धरला, म्हणजे फराळसुद्धा नाही. संकष्टी, एकादशी, प्रदोष, पौर्णिमा. महिन्यातले जेवणाचे दिवस शोधावे लागत. कुणी आमंत्रण द्यायला आलं की ती आधी कॅलेंडरकडे बघायची आणि मग आपला वार ठरवायची.

याच बाईनं मला एकदा सांगितलं होतं की उपास करून देव भेटत असता तर दुष्काळात गावंच्या गावं तरली असती. आता तिचा गल्लीत लौकिक झाला. अक्का किती उतरली आणि चेहऱ्यावर तेज कसं आलंय बघा, असं बायका बोलायच्या. ते तेज नव्हतं, तिचं रक्त कमी झालं होतं. मूल नाही म्हणून ज्या बायका ओटी भरायच्या वेळी तिला हळूच मागं ठेवत, त्याच आता पहिली ओटी तिची भरायला लागल्या. येता-जाता वाकायला लागल्या. एकदा अशीच एक जण पाया पडून गेल्यावर अक्का म्हणाली, "जन्मभर लोकांना खाऊ घातलं तवा कुणी वाकलं नाय. उपाशी राहिले तर बघ." हसत म्हणाली, पण तिला ते आवडत होतं. मला दिसत होतं ना.

मग उलट्या सुरू झाल्या. आमच्या दोन्ही न्हाणीघरांचा पाइप एकच आहे, खालचा आवाज वर येतो. आधी कधीतरी, मग रोज, मग दोन घास आत गेले की दोन घास बाहेर. पोटातल्या जोडाची वाट आतून आवळत जाऊन चिंचोळी झाली होती, हे पुढे कळलं. मी खाली जाऊन म्हणायची, अक्का, डॉक्टरांकडे चला. ती म्हणायची, नवं पोट आहे, रुळायला वेळ लागतो. तपासणीला ती सुरुवातीला गेली आणि मग थांबली, कारण त्या दवाखान्याच्या दारावर वजनाच्या ऑपरेशनांची ही मोठी पाटी आहे आणि समोरच आमच्या गल्लीतल्या एकाचं दुकान आहे. गोळ्या गिळवत नव्हत्या, त्याही सुटल्या. मी दादांना सांगितलं. दादांनी तिला दटावलं, तिनं त्यांना शपथ घातली आणि विषय संपला. दादा निफाडकडच्या खेड्यातले साधे गृहस्थ. तिच्यापुढे त्यांचं कधीच चाललं नव्हतं, आणि आता तर अख्खी गल्ली तिच्या पाया पडत होती. मी चिडून दोन दिवस खाली उतरले नाही. मग पुन्हा उतरले, पुन्हा तेच बोलले, पुन्हा तेच ऐकून वर आले.

अशात नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसतात. कुलदैवत वणीची देवी. अक्कानं नवरात्रभर निरंकार धरला. पाणी आणि जमलं तर घोटभर दूध, एवढंच. मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, तुमच्या अंगात काही उरलेलं नाही, या वर्षी राहू द्या, देवी काही म्हणणार नाही. ती घटाची माती सारखी करत होती. मान वर न करता म्हणाली, "नऊ दिस तरी कुणी खा म्हणणार नाय. मला जरा निवांत राहू दे."

सातव्या माळेला संध्याकाळी गल्लीतल्या बायका आरतीला जमल्या होत्या. मी वरून उतरले तर घटापुढे अक्का डुलत होती. पाय लटपटत होते, भिंतीला टेकलेला हात घसरत होता. डोळ्यांची बुबुळं एका जागी ठरत नव्हती, डावी-उजवीकडे सारखी हलत होती. एकाच्या दोन वाती दिसतात, असं ती सकाळपासून म्हणत होती. आता ती तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, आणि बायका तिच्याभोवती हात जोडून उभ्या होत्या. कुणी तिचे केस मोकळे केले होते, कुणी कपाळभर कुंकू भरलं होतं, कुणी कापूर लावला होता. त्यांच्या लेखी अक्काच्या अंगात देवी आली होती. एवढे उपवास केलेल्या बाईच्या अंगात नाही येणार तर कुणाच्या येणार?

कोपऱ्यावरच्या जाधववहिनी पुढे झाल्या. त्यांची मुलगी पल्लवी अंगानं जाड. कॉलेज संपलं होतं आणि स्थळं बघून परत जात होती. वहिनींनी पदर पसरून विचारलं, आई, माझ्या पोरीचं कसं होणार, तिनं काय करावं? अक्का जे पुटपुटत होती तेच पुटपुटत राहिली. "खाऊ नको. खाऊ नको." ती स्वतःला सांगत होती. रोज ताट पुढे आलं की ती स्वतःला हेच बजावायची, मी कितीदा ऐकलं होतं. जाधववहिनींनी डोळे मिटले आणि कौल मिळाल्यासारखी मान लववली.

मी पुढे जाऊन अक्काला धरलं. एका म्हाताऱ्या बाईंनी माझा दंड पकडला. देवीला मध्येच अडवू नये म्हणाल्या. मी म्हटलं, ही देवी नाही, ही आजारी आहे. कुणी ऐकेना. मी दादांकडे बघितलं. खरं ठाऊक असलेल्यांतले ते एक, आणि ते दाराशी हात जोडून उभे होते. इतकी मी आजवर कुणावर चिडले नसेन. दिराला आमच्याकडे कुणी नावानं हाक मारत नाही. मी मारली, आणि रिक्षा आणा म्हटलं. पुढे एकदा दवाखान्याच्या बाकावर बसलेलो असताना ते आपण होऊन म्हणाले, "मला वाटलं, असंल बी." एवढंच म्हणाले, आणि मग मला त्यांच्यावर रागावता येईना.

दवाखान्यात पहिलं विचारलं ते, ऑपरेशन कसलं झालंय? सोबत गल्लीतली दोन माणसं आली होती. दादांच्या तोंडून सवयीनं पित्ताचे खडे निघाले. मी म्हटलं, नाही, वजनाचं झालंय, आणि तीन आठवड्यांपासून पोटात अन्न ठरत नाही. डॉक्टर तरुण होते. हे ऐकल्यावर त्यांचे हात भरभर चालायला लागले. अन्नातलं एक जीवनसत्त्व संपलं की मेंदूवर असा परिणाम होतो, त्यांनी नंतर समजावलं. आधी त्याचं इंजेक्शन द्यायचं आणि मग साखरेचं सलाईन लावायचं. उलट झालं तर आणखी बिघडतं. खरं सांगितलंत ते बरं झालं, म्हणाले. सोबतची माणसं माना खाली घालून उभी होती. त्यांनी गल्लीत जाऊन काही सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर कुणी मानलं नाही. देवीची गोष्ट त्याहून पुष्कळ चांगली होती.

पुढचं सगळं लांबलचक आणि कंटाळवाणं आहे, आणि मला ते तसंच आठवतं. नाकातून नळी. तोंडातून दुर्बीण घालून आतली चिंचोळी वाट फुग्यानं रुंद करायची, ती पुन्हा आवळायची, पुन्हा करायची. घरी आणायचं, पुन्हा भरती करायचं, पुन्हा घरी. डोळे ठिकाणावर आले. चाल पूर्ण आली नाही. काठी टेकत, पाय फाकवून चालायची. मधल्या दिवसांचं तिला काही आठवेना, त्या सातव्या माळेचं तर काहीच नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. सकाळी शाळा, दुपारी अक्का, संध्याकाळी आमचं घर. जिना उतरताना कधी कधी मी मध्येच थांबायची आणि मनात यायचं, आज नको. ती वाईट होती म्हणून नव्हे, मी दमले होते म्हणून. मग उतरायची.

एक वाटी मऊ भात संपायला तास लागायचा. एक घास, मग थांबायचं, तो खाली गेला की दुसरा. ती घड्याळाकडे बघायची आणि मी तिच्याकडे. एकदा म्हणाली, "भूक लागत नाय ग सुनी. भुकेची नुसती आठवण येते." आणखी एकदा, मी जांभई लपवत असताना म्हणाली की मी तिचा कंटाळा करते ते तिला कळतं, खुशाल करावा, तिलाही स्वतःचा आलाय. मी नाही-नाही म्हणत बसले नाही. दोघी हसलो. जावा-जावा म्हणून आमच्यात जे काही होतं ते त्या दुपारींत कधीतरी संपलं, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला नाव द्यायला मला कधी सवड मिळाली नाही.

गल्लीला मात्र ती देवीनं धरलेली बाई होती. एवढी मोठी शक्ती अंगात आली की अंग खचायचंच, असं बायका एकमेकींना सांगायच्या, आणि अक्का ऐकून घ्यायची. एवढं सगळं होऊनही तिची अट कायम होती. मी म्हटलं, आता तरी सांगून टाका. ती म्हणाली, आता तर मुळीच नाही, पाया पडल्यात त्या माझ्या.

संक्रांतीच्या सुमारास जाधववहिनी पेढे घेऊन आल्या. पल्लवीचं लग्न ठरलं होतं. तिलाही घेऊन आल्या होत्या. मी तिला ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, ओठ पांढरे, भर दुपारी स्वेटर घालून हात चोळत बसली होती. वहिनी कौतुकानं सांगत होत्या की देवीनं खाऊ नको म्हणून सांगितलं त्या दिवसापासून पोरीनं धरलंय, एक वेळ दूध आणि एक केळं. दोनदा चक्कर येऊन पडली, पण मोडलं नाही. लग्नापर्यंत असंच चालवायचं, आणि येत्या नवरात्रात अक्कासारखं निरंकार करायचं म्हणते. अक्काला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो, तुमच्याच तोंडून आलं होतं.

अक्का बराच वेळ पल्लवीकडे बघत राहिली. मग तिला जवळ बसवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात उलटा करून स्वतःच्या बोटांकडे बघितलं. बोटांत केस आले होते.

"डोळ्यापुढं अंधारी येते का ग?" तिनं विचारलं. पल्लवीनं आईकडे बघितलं.

"आईकडं नको, माझ्याकडं बघून सांग."

पल्लवीनं हळूच मान हलवली.

मला वाटलं, अक्का आता काहीतरी युक्ती करेल. देवीनं उपवास सोडायला सांगितलाय म्हणेल. तेवढ्यानं काम झालं असतं आणि मानही राहिला असता. मला तर तेच सुचलं होतं. अक्कालाही सुचलं असणार, ती काही कमी नव्हती. थोडा वेळ ती काठीच्या मुठीवर अंगठा घासत बसली.

"वहिनी, त्या दिवशी देवी आली नव्हती," ती म्हणाली. "मी वजनाचं ऑपरेशन केलं होतं. पित्ताचं नाय, वजनाचं. अन्न ठरत नव्हतं आणि लाजंनं कुणाला सांगत नव्हते, म्हणून उपास सांगायची. पोटात काय गेलं नाय म्हणून डोकं फिरलं होतं माझं."

पेढ्यांचा पुडा जाधववहिनींच्या मांडीवर तसाच होता. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग आम्ही पाया कुणाच्या पडलो?"

"उपाशी बाईच्या," अक्का म्हणाली. "आता ही दुसरी करू नका."

वहिनी उठल्या. रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या, मला सांगता येणार नाही. पल्लवीचा दंड धरून त्या निघाल्या, पण घरी गेल्या नाहीत, तिला तशाच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पोरीचं रक्त फारच कमी निघालं. लग्न पुढे ढकललं आणि नंतर नीट पारही पडलं. आम्हाला बोलावणं नव्हतं.

गोष्ट आठवड्याभरात सगळीकडे झाली. कुणी म्हणालं देवीच्या नावावर फसवलं, कुणी म्हणालं, तरीच एवढी बारीक झाली. हळदीकुंकवाची बोलावणी आमच्या दारावरून पुढे गेली. अक्काला लागलं का? लागलं. मग एका सकाळी मला म्हणाली की तपासणीला यापुढे दुपारच्या सुनसान वेळी जायचं नाही, चांगलं सकाळी जायचं. गेलो. समोरच्या दुकानातला आमच्या गल्लीतला माणूस बघत होता, तर तिनं काठी वर करून त्याला हात केला.

असे बरेच महिने गेले. गोळ्या, इंजेक्शनं, वाटीभर भात. तिच्या अंगावर थोडं मांस आलं. हे असंच, दमत-दमत, पण चालत राहील, असं मला वाटायला लागलं होतं. पावसाळ्यात एका सकाळी तिच्या पोटात कळ आली. या वेळी तिनं लपवलं नाही, लगेच सांगितलं, आणि आम्ही लगेच नेलं. आतड्याला पीळ पडला होता. या ऑपरेशननंतर कधी कधी पडतो तसा. डॉक्टरांनी हयगय केली नाही, आम्ही उशीर केला नाही. तरी ती गेली. सगळं वेळेत केलं म्हणजे माणूस वाचतोच असं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ऑपरेशनसाठी आत नेताना ती शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणाली, "लय दमलीस माझ्यापायी. आता घरी जाऊन झोप." मी हो म्हटलं. लोक विचारतात, आता तुला थोडं मोकळं वाटत असेल ना. अंगाला वाटतं. मला वाटत नाही. मला ती हवी होती, तशीच, वाटीभर भाताला तास लावणारी.

बसायला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. मरणानं रुसवे मिटले होते. खाली सतरंजीवर बसून हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, काही म्हणा, देवीचीच बाई होती, देवीनं नेली. दुसरी म्हणाली, आतून कसला आजार होता कोण जाणे. खरं सगळ्यांना ठाऊक होतं, पण गेलेल्या बाईच्या घरात त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. दादा कोपऱ्यात बसले होते. चार माणसांत तोंड उघडलेलं त्यांना मी कधी बघितलं नव्हतं.

"तिनं वजनाचं ऑपरेशन केलं होतं," ते म्हणाले. "ऑपरेशन वाईट नव्हतं. उलट्या व्हायच्या ते झाकलं, ते वाईट. तिनं झाकलं, मीबी झाकलं. तुमच्यात कुणाचं असं काय असंल तर सांगा बायांनो, झाकू नका." थोड्या वेळानं बायका उठून गेल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मी शाळेतून येऊन चहा टाकला होता. मागच्या गल्लीतली एक जण जिना चढून वर आली. गेल्या वर्षी तिचं हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून मी तिला भेटून आले होते. ती दारातच उभी राहिली. दादांची चौकशी केली, माझ्या शाळेची केली, पावसाची केली. मग आत येऊन तिनं दार लोटलं, कडी घातली, आणि खाली बघत म्हणाली, "ताई, माझंबी हर्नियाचं नव्हतं."

मी गॅस बंद केला आणि तिला विचारलं, उलट्या कधीपासून होतात?